कंपनीचा निरोप

नाथाजीनं छकड्याचे बैल सोडले आणि जुवाला मोटेचा नाडा बांधला. छकड्यात कॅप्टन मानसिंग ताठ बसला होता. अंगावर इस्त्रीचा युनिफॉर्म, डोळ्यांवर काळा चष्मा. इटलीत सुरुंग फुटला आणि त्या कोवळ्या पोराचे दोन्ही डोळे गेले. आज तो पलटण कायमची सोडून देहरादूनला, आंधळ्या शिपायांच्या वसतिगृहात निघाला होता.

पलटणीची एक रीत होती. सोडून जाणाऱ्या अधिकाऱ्याला गाडीत बसवायचं आणि जवानांनी ती गाडी हातांनी ओढत फाटकापर्यंत न्यायची. मानसिंगला इस्पितळातून परस्पर घरी धाडलं, त्यामुळे त्याचा निरोप राहूनच गेला. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं. लढाई संपली, पोरं आता रजेवर येतील, त्यांनी निरोप दिल्याशिवाय मी हलायचा नाही, असा त्यानं हट्टच धरला. कंपनीतली पोरं सगळी उंब्रजच्या आसपासची. त्यानंच गावोगाव हिंडून भरती केलेली, आणि जिवापाड जपलेली.

पण पोरं आणायची कुठून? मानसिंग जखमी झाला आणि महिन्याभरात एका नदीकाठी सगळी कंपनी कापली गेली. सुभेदार नाथाजी तेवढा तापानं मागं राहिला म्हणून वाचला. हे मानसिंगला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या आईनं, रंगूबाईनं, गावाच्या पाया पडून सगळ्यांची तोंडं बंद केली होती. कळलं तर पोरगं विहीर जवळ करेल, ही तिची भीती. ती खोटीही नव्हती. झोपेतसुद्धा तो एकेका पोराचं नाव घेऊन हाका मारायचा. कोंबडं झाकून किती दिवस ठेवणार, असं गाव म्हणायचं, आणि झाकत राहायचं.

शेवटी नाथाजी त्या पोरांच्या घरोघर गेला. त्यांच्या बायकांपुढे त्यानं हात जोडले. त्या बिचाऱ्या आल्या. नवऱ्यांच्या घरी राहिलेल्या वहाणा पायांत घालून आल्या, पावलं गड्यांची वाजावीत म्हणून. तोंडातून शब्द काढायचा नाही, एवढंच ठरलं होतं.

छकडा हलला. वहाणा करकरू लागल्या. कित्येक महिन्यांनी मानसिंग हसला. थोड्या वेळानं त्यानं मान वळवली.

"सुभेदार, पोरं बोलत का न्हाईत?"

"रडत्यात, सायेब."

हे मात्र खरं होतं.

वेशीजवळ छकडा थांबला. इथं बैल जुंपायचे आणि मसूरचं स्टेशन गाठायचं. नाथाजीला हायसं वाटलं. तेवढ्यात मानसिंग चाचपडत खाली उतरला. रीत अजून अर्धी राहिली होती. जाणारा अधिकारी प्रत्येक जवानाशी हात मिळवतो, हे नाथाजी या धांदलीत साफ विसरला होता. गाडी चुकेल म्हणून त्यानं घाई केली, पण मानसिंग ऐकेना. हात पुढं करून तो उभाच राहिला.

नाथाजीनं बनुबाईला पुढं केलं आणि तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, अर्जुना. जे नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, त्या नावानं तिनं हात दिला. खुरप्यानं घट्टे पडलेला, गड्यासारखा राठ हात. मानसिंगनं तो दोन्ही हातांत घेतला. त्याची बोटं त्या बारीक मनगटापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. त्यानं पुढचा हात मागितला. नाथाजी नावं सांगत गेला. एकेक मनगट चाचपत मानसिंग अगदी शेवटच्या हातापर्यंत गेला. तो हात सोडायला त्याला फार वेळ लागला.

"सुभेदार," तो हळू म्हणाला, "एकीच्या बी हातात बांगडी न्हाई?"