पहिल्या पडद्यावरचं नाव

“लागतच नाही!” सतीशनं माऊस आपटला. “डीबगर लावला की प्रोग्राम त्यालेच बाहेर फेकते!”

रत्नमाला मागं हाताची घडी घालून उभी होती. सोयाबीन मोजून काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, काढणारा हा प्रोग्राम तिनं एकटीनं लिहिला होता. तो पुरा झाला, आणि पोळ्याच्या तोंडावर सतीशनं तिला कारंज्याच्या या दुकानातून हाकललं. ‘आता तुह्यं काम नाही,’ एवढंच बोलला. आज सकाळी त्याचाच फोन, अन् आवाज कसा गुळासारखा! ती इंझोरीहून आली होती, पण मदत करायला नाही. त्याची फजिती डोळ्यांनी पाहायला.

फजिती झकास चालली होती. प्रोग्राम उघडला की मरत होता. कुठं मरतो हे बघायचं तर चूक हुडकणारा डीबगर त्याला चिकटायला हवा, आणि तो तर अंगाला हात लावू देईना. काचेपलीकडं मंगरूळपीरचे दोन व्यापारी बसले होते. आज प्रोग्रामचा सौदा व्हायचा होता. चहा पिऊन पिऊन बिचारे कंटाळले होते.

“सरका,” रत्नमाला म्हणाली आणि खुर्चीत बसली.

डीबगर का लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. कुलूप तिनंच घातलं होतं, सतीशच्याच हुकमावरून. कोणी फाइलीतलं एक अक्षर जरी हलवलं तर प्रोग्राम बंद पडला पाहिजे, आत कोणाला डोकावू द्यायचं नाही. चोरीचं भारी भ्या त्याला! पण अक्षर हलवलं कोणी? तिनं फाइल उघडली. पहिल्या पडद्यावरचा मजकूर शोधला. तिथं तिचं नाव नव्हतं. सतीशचं होतं.

“माह्या नावाले हात कायले लावला?”

सतीशचा चेहरा खर्रकन उतरला. मूळ कोड उघडायची त्याची छाती नव्हती, म्हणून तयार फाइलीतच खाडाखोड करून बसला होता. म्हणजे कुलपानं चोर पकडला होता, अन् तो चोर मालकच निघाला. रत्नमालेला असं बरं वाटलं म्हणून सांगू!

“एक नावच त बदललं व,” तो कुजबुजला. “आता कसं करावं? मानसं बसून राह्यली.”

“माह्यं नाव परत टाका. तुमच्या हातानं. जसं होतं तसंच.”

“दुसरा उपाय?”

“नाही.”

व्यापारी आता काचेच्या अलीकडं येऊन उभे होते. सतीश कीबोर्डवर वाकला. कानाच्या पाळ्या लालबुंद. एकेक अक्षर टाकत गेला. प्रोग्राम उघडला, आणि या वेळी उघडाच राहिला. पडद्यावर ठसठशीत आलं: निर्मिती – रत्नमाला देवमन भगत, इंझोरी.

“हे रत्नमाला कोन?” एका व्यापाऱ्यानं विचारलं. “तुमी त म्हनत होते, मी बनवला.”

सतीशनं रत्नमालेकडं बोट केलं. “ह्या. ह्याईनंच बनवला.”

“मंग आमी ह्याईच्यासंगंच बोलतो,” व्यापारी म्हणाला आणि रत्नमालेसाठी खुर्ची ओढली.

दुसरा उपाय तसा होता. मूळ कोड त्याच कॉम्प्युटरमध्ये होता. त्यातून ते कुलूप तिला बसल्या बसल्या काढता आलं असतं. पण ते सतीशला काहून सांगायचं!