बोटभर जास्त

“मोठा रोलर कोस्टर शेवटी ठेवू,” धाकटा म्हणाला आणि मास्तरांच्या हातातली टाचणी हवेतच राहिली.

कापड बेतायच्या टेबलावर थीम पार्कचा नकाशा पसरला होता. शिवणाचं दुकान बंद करून, कात्र्या बाजूला सारून बाप आणि दोन मुलं त्याच्यावर ओणवी झाली होती. एका दिवसात अख्खं पार्क बसवायचं म्हणजे तोकड्या कापडात सूट बसवायचा, असं मास्तरांचं म्हणणं. त्यांनी एकेका पाळण्यावर टाचणी टोचली होती आणि टाचणीला टाचणी जोडत लाल दोरा फिरवला होता. दार उघडलं की गर्दी पहिल्याच पाळण्याशी रांग लावते, आपण तडक टोकाला जायचं, रोलर कोस्टरपाशी. घसरगुंड्या दुपारी, उन्हात. थोरलीच्या फोटोंना संध्याकाळ. थोरली आता शिकायला परगावी निघाली होती. हा बेत फिसकटला, तर पुन्हा सगळे एकत्र कधी सापडतील कोण जाणे. आई येणार होती, पण पिशव्या सांभाळायला. फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूत बसणार नाही, हे तिने लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं.

मास्तरांच्या मनाला खरी टोचणी त्या रोलर कोस्टरचीच होती.

धाकटा लहान असताना सगळे याच पार्कात गेले होते. निघायच्या आधी मास्तरांनी आपल्या टेपने त्याची उंची मोजली. रोलर कोस्टरला लागते तेवढी बरोब्बर भरली. पोरगं घरभर नाचलं. लहान मुलाशेजारी मोठं माणूस बसायलाच हवं असा तिथला नियम, म्हणून मास्तरांनीही मनाचा हिय्या केला. रांग संपेपर्यंत पोराचा हात घट्ट धरून उभे राहिले. आणि उंचीच्या फळीशी उभं केल्यावर तिथला माणूस म्हणाला, नाही हो, बोटभर कमी पडतोय. थोरली उंच होती, ती एकटी जाऊन आली. धाकटा रडलासुद्धा नाही. “राहू दे बाबा, पुढच्या वेळी,” असं एखाद्या म्हाताऱ्यासारखं म्हणाला. तेच मास्तरांच्या काळजाला लागलं. पुढची वेळ काही आली नाही. कधी लग्नसराईचं शिवण, कधी परीक्षा.

घरी येऊन त्यांनी त्या टेपचे कात्रीने तुकडे केले. नवी आणली, पण एकदा उडालेला विश्वास परत बसेना. तेव्हापासून मास्तर प्रत्येक पँट बोटभर जास्त ठेवू लागले. गल्लीतले निम्मे पुरुष पँट दुमडून हिंडतात ती मास्तरांची कृपा. कोणी कुरकुर केलीच, तर कमी पडण्यापेक्षा जास्त बरी, एवढंच उत्तर मिळतं.

उंचीशी त्यांचं तसंही जमत नाही. स्टुलावर चढायची वेळ आली की त्यांची कंबर धरते. मग वरच्या फळीवरचा तागा काढायला मुलांना हाक जाते. खरं कारण घरात कोणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

“शेवटी कशाला?” त्यांनी विचारलं. “तोवर बंद झाला तर?”

झाला तर झाला, धाकटा नकाशात बघत पुटपुटला. बाकीचं काय कमी आहे का. मास्तरांना वाईट वाटलं. पोराचं मन त्यातून उडालं, आपण उशीर केला. बापाबरोबर रस्त्याने चालायलाही लाजावं अशा वयाला तो पोहोचला होता. पण मास्तरही हट्टाला पेटले. कबूल केलं म्हणजे केलं, टाचणी पहिलीच राहील. आणि त्याआधी उंची मोजायची.

थोरली फिस्सकन हसली. “बाबा, तो आता तुमच्या डोक्यावरून पलीकडचं बघतो.”

असू दे, मोजलेलं बरं, म्हणत मास्तरांनी त्याला दाराच्या चौकटीशी उभं केलं. टेपचं टोक त्याच्या टाचेखाली दाबलं आणि चवड्यांवर उभे राहून ते हात वर ताणू लागले. हात काही पुरेना. स्टूल शेजारीच होतं, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा धाकट्यानेच बापाची सोय म्हणून हळूच गुडघे वाकवले.

“गुडघे वाकवू नकोस रे, माप चुकतं,” मास्तर म्हणाले.

थोरलीचं हसू थांबलं. तिने भावाकडे पाहिलं. भाऊ जमिनीकडे बघत होता.

“सांगून टाक आता,” ती म्हणाली.

“तुमची टेप बरोबर होती, बाबा,” धाकटा म्हणाला. “त्या उंचीच्या फळीपाशी मी असेच गुडघे वाकवले होते. वाढत्या अंगाची पँट होती, त्या माणसाला कळलं नाही.”

“पण का?”

“तुमचा हात कापत होता. माझ्या हातात होता ना तो.”

मास्तर मटकन स्टुलावर बसले. आधी त्यांना ती बिचारी टेप आठवली, मग गल्लीतल्या सगळ्या दुमडलेल्या पँटी एकामागून एक डोळ्यांसमोरून चालत गेल्या. त्यांना राग आला, हसू आलं आणि मग भरून आलं. आजही हे पोरगं तेच करत होतं. बापाला वाचवायला रोलर कोस्टर शेवटी ढकलत होतं.

ते उठले. पहिली टाचणी त्यांनी अंगठ्याने दाबून आणखी आत रुतवली.

“सकाळी पहिल्यांदा तिथेच जायचं,” मास्तर म्हणाले. “तू तुझे गुडघे सरळ ठेव. माझ्या हाताचं मी बघतो.”