सहकुटुंब आमंत्रण

पडद्यावर उपनिषदांवरील टीका एकतृतीयांश उमटली आणि वाक्याच्या मध्यावरच थांबली. नानाशास्त्र्यांनी डोळे मिटले. दिवंगत पत्नीने जुन्या संगणकावर, आता बाद झालेल्या अक्षरसंकेतात टंकलेली त्यांची आयुष्यभराची टीका आता कोठेच वाचता येत नव्हती, आणि मंदावलेल्या दृष्टीने ती पुन्हा लिहिणे अशक्य होते.

"नाना, सी भाषेतला प्रोग्रॅम बरोबर आहे," सून म्हणाली. "जुनी अक्षरे नव्या संकेतात नीट उतरताहेत. फक्त मध्येच जागा संपते."

"नव्या संकेतात अक्षराला जागा किती लागते?"

"तीन बाइट. पूर्वी एकच पुरायचा."

"आणि तू पाट किती मांडलेस?"

ती थबकली. "जुन्याच हिशेबाने. एकेक."

"सहकुटुंब आमंत्रण द्यायचे आणि पाट एकच मांडायचा? मग मंडळी दारातूनच परतणार, सूनबाई."

हसत तिने जागा तिप्पट केली. या वेळी टीका अखंड उतरली. समाप्तीच्या श्लोकाखाली नानांनी कधीही न लिहिलेली एक ओळ होती. सुनेने ती वाचून दाखवली: "संपले एकदाचे. आता तुम्ही चहा ठेवा."

नाना काठी शोधत सावकाश उठले. "ठेवतो," म्हणाले.