फुप्फुसांची तिसरी खेप

"घ्या, विशीतली फुप्फुसं मिळाली तुम्हाला! सोमवारपासून कामावर या," खडी क्रशरच्या दवाखान्यातले डॉक्टर हसून म्हणाले.

शेवंता हसली नाही. दगडाच्या धुळीने तिची छाती आजवर तीनदा निकामी झाली होती आणि तिन्ही वेळा तिच्याच मूलपेशींपासून नवी फुप्फुसं वाढवली होती. फुप्फुसं अशी सहज मिळायला लागल्यापासून कंपनीने धुळीवर पाणी मारणंच बंद केलं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवर तिला आपली लेक दिसली. अठरा वर्षांची मंजुळा दंड उघडा करून बसली होती. नर्स सुई घेऊन उभी होती.

"हिला काय झालंय?"

"काही नाही. कालच कामाला लागली ना, म्हणून पेशी आताच काढून ठेवतोय. पाच वर्षांनी लागतीलच," डॉक्टर म्हणाले.

शेवंताच्या मस्तकात तिडीक गेली. "म्हणजे माझ्या पोरीची छाती जाणार, हे तुम्हाला आजच ठाऊक आहे?"

मंजुळाचा हात धरून ती तरातरा क्रशरवर गेली आणि तिने बटण दाबून दगड वाहून नेणारा पट्टा बंद केला. मुकादम ओरडत धावला.

"आधी पाणी मारा, मग पट्टा चालेल," शेवंता म्हणाली आणि बटणासमोर पाय रोवून उभी राहिली. घमेली खाली टाकून बाकीच्या बायाही तिच्या शेजारी आल्या.