जाळीमागून

"याहून लांबचं दाखवा," मास्तर म्हणाले.

काउंटरवर तीन लेन्स मांडून झाल्या होत्या. मास्तर वीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवत होते आणि कुठलीही वस्तू गाडी घेतल्यासारखी घेत. चहूबाजूंनी बघून, दोनदा हलवून, खडखडतंय का ते कानाशी धरून. तिन्ही लेन्स त्यांनी परत सरकवल्या.

दुकानवाल्या बाईंनी कपाटातून चौथी काढली. सहाशे मिलिमीटरची. एका हातात पेलवेना अशी. मास्तरांनी ती आपल्या कॅमेऱ्याला लावली आणि दारातून रस्त्यापलीकडे रोखली. औषधांच्या दुकानातल्या कॅलेंडरवरची तारीख स्पष्ट दिसली. मास्तर खूश झाले.

"हीच द्या."

"देते की. आधी कॅमेऱ्यातलं कार्ड काढा."

ही बाईंची जुनी खोड. गिऱ्हाईक तोंडाने काय मागतंय यावर त्यांचा विश्वास नसे. त्याने आजवर काढलेले फोटो कॉम्प्युटरवर लावायचे, कुठला फोटो किती झूम करून काढलाय ते आकडे बघायचे आणि मगच काय घ्यायचं ते सांगायचं. पुष्कळ गिऱ्हाइकं यापायी वैतागून निघून गेली होती. खोड काही गेली नव्हती.

मास्तरांनी कार्ड दिलं खरं, पण जरा कुरकुरतच.

चारशेच्या वर फोटो होते. सगळे तीनशेवर काढलेले, म्हणजे जुन्या लेन्सच्या पार टोकावर. आणि सगळ्यांत एकच मुलगी, चौदा-पंधरा वर्षांची, पळणारी. कोपऱ्याकोपऱ्यात करडे, धुरकट पट्टे.

"जाळीच्या मागून काढता?"

"हो."

"मैदानात सोडत नाहीत?"

"सोडतात. बाकीचे आईबाप दोरीपाशीच असतात, पार अंगावर." मास्तरांनी स्क्रीनकडे बोट केलं. "माझी मुलगी आहे ती."

बाई फोटो बघत राहिल्या. माणूस आपणहून बोलेपर्यंत गप्प बसायची कला त्यांना दुकानदारीनेच शिकवली होती.

"मीच पळायला शिकवलं तिला. पळत असली की दोरीपाशी उभा राहून ओरडायचो. हात वर, मान सरळ, मागे बघू नको. धंद्याची सवय हो, शेजारी बसलेल्याला ओरडून सांगायची. गेल्या वर्षी म्हणाली, बाबा, तुम्ही नका येत जाऊ. तुमचा आवाज आला की माझे पाय जड होतात."

"आणि घरी?"

"घरी बोलतो ना. जेवलीस का, वह्या संपल्या का." मास्तर सहाशेच्या लेन्सवरून उगाचच रुमाल फिरवत होते. "मी जातो हे तिला ठाऊक नाही. पाण्याच्या टाकीमागे उभा असतो. आता पुढच्या महिन्यापासून त्यांच्या शर्यती नव्या मैदानावर आहेत. तिथली जाळी दुप्पट लांब. म्हणून ही."

बाई एकेक फोटो पुढे सरकवत होत्या. मग थांबल्या. दहा-बारा फोटो मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या.

"मास्तर, हे बघितलंत का कधी?"

"काय?"

"शर्यत संपल्यानंतरचे. हा बघा. बाकीच्या मुली गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकतायत. ही बघा काय करतेय."

मुलगी जाळीकडे तोंड करून उभी होती. छातीवरचा नंबरचा कागद वाऱ्याने दुमडला असावा. दोन्ही हातांनी तिने तो खाली ओढून सरळ धरला होता.

"हा पुढच्या शर्यतीचा. हा त्याच्या पुढच्या. इथं तर शेवटून दुसरी आलीय, तरी बघा." बाईंनी सात शर्यतींचे असे सात फोटो शेजारी शेजारी लावले. सातही फोटोंत तोंड जाळीकडे, मान ताठ, नंबर सरळ. "समोर फोटोवाला दिसल्याशिवाय कुणी नंबर नीट करत नाही हो."

मास्तर वाकून बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वर्षभर त्यांनी हे फोटो रोज बघितले होते, पण पायांसाठी. पाऊल कुठे पडतंय, टाच उचलली जातेय की नाही. चेहऱ्यापर्यंत ते वर आलेच नव्हते. त्यांना लाज वाटली, आणि मग इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना. त्यांनी सहाशेची लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवली.

"दोरीपाशी उभं राहायचं तर कुठली लागते?"

बाईंनी खालच्या कप्प्यातून पन्नासची काढली. मुठीत मावेल एवढी. "हिला झूम नाही. मागेपुढे तुम्हालाच व्हावं लागेल."

"किती जवळ?"

बाई काउंटरमागून बाहेर आल्या. दुकानाच्या मधोमध उभ्या राहिलेल्या मास्तरांपासून त्यांनी पावलं मोजली आणि सहाव्या पावलावर वळून उभ्या राहिल्या. "एवढं. उभी मुलगी पूर्ण येईल."

मास्तरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बाईंनी पदर सारखा केला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बटण काही दाबलं गेलं नाही. बराच वेळ मास्तर नुसते बघत होते.

"छान पळालीस," ते म्हणाले.

मग कॅमेरा थोडा खाली घेऊन त्यांनी विचारलं, "मोठा आला का हो आवाज?"