यंदा नवा खटका

माझ्या नवऱ्याची, ऑर्विलची, ठासणीची बंदूक शिकारीच्या दर मोसमात दगा द्यायची. गारगोटीची ठिणगी पडायची, पण दारू पेटायची नाही आणि हरीण पसार व्हायचं. मग माझे भाऊ चिडवायचे, "काय दाजी, यंदाही मटणाऐवजी घेवडा अन् मक्याचा पावच का?"

ऐकून ऐकून मी विटले. या वर्षी मोसमाआधी मीच गारगोटीचा खटका काढून, घोडा आपटताच हमखास ठिणगी देणाऱ्या तांब्याच्या टोपीचा नवा बसवला. परसात बार काढून पाहिले, एकही फुकट गेला नाही.

पहिल्याच दिवशी ऑर्विल डोंगरावरून रिकाम्या हातांनी उतरला.

"हरीण दिसलं नाही?"

"अगदी समोर उभं होतं गं."

"मग? बार उडाला नाही की काय?"

तो पायरीवर बसून दमल्यासारखा बूट काढू लागला.



"उडाला असता, म्हणून तर चाप ओढला नाही."