भरपूर पाणी

टेबलावर नकाशा पसरून नवरा तिला उद्याचा ट्रेक समजावत होता. गाडी थेट वरपर्यंत जाते, पायवाट तिथूनच सुरू. चहूकडे उघडा माळ आणि भणाणता वारा. "हवा विरळ असते, म्हणून सगळ्यांनी सारखं पाणी प्यायचं. नाहीतर गरगरायला लागतं."

ती पाण्याची बाटली सॅकमध्ये ठेवत होती, परत काढत होती.

"तिथे झाडं असतील ना?"

"इतक्या उंचावर कसली झाडं? आणि सावली हवीय कुणाला, गारठाच असतो."

"एखादा मोठा खडक तरी?"

"वाऱ्याचं काय एवढं घेऊन बसलीस? जॅकेट आहे ना. शिवाय माझे चार मित्र आहेत बरोबर. घाबरतेस कशाला?"

तिने बाटली पुन्हा बाहेर काढली.

पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या सासूबाई उठल्या. बाटली सॅकमध्ये ठेवून त्यांनी वर एक जाड चादर कोंबली.

तो हसला. "आई, संध्याकाळी परत येतोय आम्ही. चादर कशाला?"

"पांघरायला नाही, आडोशाला. ती पाणी प्यायली, की कधीतरी ही धरून उभं राहावं लागेल तुला. मित्रांकडे तोंड करून."